संदर्भ वाचतानाच टिपावा

महाविद्यालयातल्या प्रकल्पाची संदर्भसूची बहुधा सर्वांत शेवटी, म्हणजे प्रकल्प द्यायच्या आदल्या रात्री तयार होते. मजकूर लिहून झालेला असतो, सकाळी बाइंडिंगला टाकायचा असतो आणि तेव्हा शोधाशोध सुरू होते. हे वाक्य कुठल्या पुस्तकातले? पान कोणते? पुस्तक तर केव्हाच ग्रंथालयात परत गेले. मोबाइलमध्ये पानाचा फोटो आहे, पण ते पान कोणत्या पुस्तकाचे हे फोटोत कुठेच दिसत नाही. मग मागच्या वर्षीच्या एखाद्या प्रकल्पातली दहाबारा नावे उचलून सूचीत बसवली जातात. त्यातली निम्मी पुस्तके विद्यार्थ्याने पाहिलेलीही नसतात. परीक्षक सूची किती लांब आहे ते बघतात आणि पान उलटतात.

या गोंधळाचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडणे सोपे आहे. पण त्यांना आपण शिकवतो काय? स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे, कोणते नाव तिरप्या अक्षरांत, वर्ष कंसात की कंसाबाहेर. हे सगळे मांडणीचे नियम झाले, आणि मांडणी हे खरोखरच शेवटचे काम आहे. त्याआधीच्या कामाविषयी, म्हणजे वाचता वाचता काय टिपायचे, ते कुठे ठेवायचे आणि सहा महिन्यांनी कसे सापडायचे, याविषयी वर्गात चकार शब्द निघत नाही. या पुस्तकाचा सारा भर त्या आधीच्या कामावर आहे. संदर्भ घडतो तो पुस्तक समोर उघडे असताना. त्या वेळी जे निसटले ते पुढे कोणत्याही शैलीच्या नियमांनी भरून येत नाही.

हे काम जुने आहे आणि त्याचे एक मोठे घर पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू झाले. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द वेचून कागदी चिठ्ठ्या लिहिण्यात आल्या. त्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. कोशाचा पहिला भाग छापून यायला १९७६ साल उजाडले. म्हणजे सुरुवातीच्या काळात एकाने लिहिलेली चिठ्ठी वीसपंचवीस वर्षांनी भलत्याच माणसाच्या हाती पडणार होती, आणि लिहिणाऱ्याला न विचारता त्या माणसाला ती पुरती कळायला हवी होती. शब्द कोणता, कोणत्या ग्रंथात, नेमक्या कोणत्या ठिकाणी, कोणत्या वाक्यात, हे सारे त्या एवढ्याशा कागदावर असायला हवे होते. चांगले टिपण कशाला म्हणावे याची याहून नेमकी कसोटी सापडणार नाही.

सुट्या कागदावर टिपण्याची ही पद्धत युरोपात सोळाव्या शतकात रुजू लागली. छापखान्याने पुस्तकांचा पूर आणला तेव्हा झुरिकच्या कोनराड गेसनरने १५४५ मध्ये लॅटिन, ग्रीक व हिब्रू ग्रंथांची एक भलीमोठी सूची छापली आणि त्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या ग्रंथात टिपणांच्या पट्ट्या कापून हव्या त्या क्रमाने लावण्याची रीत सांगितली. वहीत लिहिलेले टिपण जिथल्या तिथे अडकते, सुटा कागद मात्र हलवता येतो, एवढीच त्यातली युक्ती. पुढे वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने ती वापरली, ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने वापरली आणि विसाव्या शतकात जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलस लुमान याने सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्यांचा संग्रह जमवून आपले लेखन त्यावर उभे केले. लुमानच्या प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक असे आणि एक चिठ्ठी दुसरीचा क्रमांक सांगे. आज संगणकावर टिपणे एकमेकांना जोडणारी जी ॲप्स निघाली आहेत, त्यांच्या जाहिरातीत लुमानचे नाव हमखास असते.

आपल्याकडच्या संशोधकांनी ही शिस्त स्वतःच्या गरजेतून घडवली. वि. का. राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळत फिरले. १८९८ पासून निघालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या बावीस खंडांमधून त्यांनी जे छापले, त्यात पत्रांना लेखांक दिले. त्यामुळे खंड आणि लेखांक एवढे दोन आकडे सांगितले की वाचक थेट त्या पत्रापाशी पोहोचतो. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १,२५९ हस्तलिखितांचा आधार घेतलेले हे काम १९६६ मध्ये पुरे झाले. कोणता पाठ कोणत्या पोथीत आहे हे तिथे प्रत्येक पानाच्या तळाशी संकेताक्षरांनी नोंदलेले आहे. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात, १९३० ते १९६२ दरम्यान निघालेल्या पाच खंडांत, वर इंग्रजी विवेचन आणि खाली तळटिपांत मूळ संस्कृत वचने अशी रचना आहे. काण्यांचा निष्कर्ष पटला नाही तरी वाचकाला तिथल्या तिथे मूळ वचन पाहून स्वतःचे मत बनवता येते. संदर्भ देण्यातला सभ्यपणा म्हणतात तो हाच. लेखक वाचकाला म्हणतो, माझ्यावर विश्वास ठेवण्याची सक्ती नाही, हा पत्ता, जाऊन पाहा.

पत्ता लिहिण्याच्या तऱ्हा मात्र विषयागणिक वेगळ्या झाल्या. नवख्या विद्यार्थ्याला शैलींची नावे ऐकूनच धडकी भरते, म्हणून आधी हे सांगायला हवे की मुळात घराणी तीनच आहेत. पहिले तळटिपांचे. इतिहासकाराला साधनाविषयी बोलावे लागते: पत्र अस्सल की नक्कल, कोणत्या दप्तरात, कोणत्या रुमालात, तारीख अनुमानाने ठरवली आहे का. एवढे सगळे कंसात मावत नाही, ते पानाच्या तळाशीच शोभते. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९०६ मध्ये छापलेली नियमावली या घराण्याची मुख्य आधार ठरली. त्याच विद्यापीठात प्रबंध तपासणाऱ्या सचिव केट टुराबियन यांनी १९३७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी केलेली छोटी पुस्तिका पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली.

दुसरे घराणे लेखक आणि वर्ष यांचे. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये शंख नसलेल्या एका गोगलगायीच्या अंड्यांवर निबंध लिहिला आणि त्यात वाक्यातच कंस करून लेखकाचे नाव व वर्ष दिले. ज्या विषयात ज्ञान भराभर जुने होते तिथे वर्ष डोळ्यांसमोर असणे सोयीचे, म्हणून समाजशास्त्रांनी ही रीत उचलली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची, म्हणजे एपीएची, शैली १९२९ मधल्या सात पानी लेखातून सुरू झाली आणि आज तिची सातवी आवृत्ती चालू आहे. भाषा-साहित्यवाल्यांची एमएलए शैली १९५१ ची. तिच्यात वर्षाऐवजी लेखक आणि पृष्ठ यांना मान आहे, कारण कादंबरीतले वाक्य नेमके कुठे आहे हे समीक्षकाला दाखवायचे असते. तिसरे घराणे आकड्यांचे. वैद्यक आणि अभियांत्रिकीच्या निबंधात एकाच वाक्याला पाचसहा आधार असतात. सगळी नावे लिहिली तर वाक्य बुडून जाईल, म्हणून तिथे फक्त क्रमांक. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरी जमले आणि ती शैली त्या शहराच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कोणती शैली का निघाली हे कळले की नियम पाठ करण्याचा जाच बराच कमी होतो.

एका मराठी पुस्तकावर हे सारे तपासून पाहू. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. लेखिकेचे नाव मालतीबाई बेडेकर, लग्नाआधीचे बाळूताई खरे. विद्यार्थ्याच्या हातात ग्रंथालयातली नंतरची कुठली तरी आवृत्ती आहे. आता लेखक म्हणून कोण लिहायचे? मुखपृष्ठाआतल्या शीर्षकपानावर जे नाव आहे तेच, आणि सूचीत बेडेकर या नावापाशी ‘पाहा: शिरूरकर’ अशी एक ओळ. वर्ष कोणते? नुसते १९३३ लिहिले आणि पृष्ठ मात्र हातातल्या आवृत्तीचे दिले, तर १९३३ ची प्रत काढून बसलेल्या वाचकाला त्या पानावर दुसरेच काही सापडेल. नुसते आवृत्तीचे वर्ष लिहिले, तर स्वातंत्र्यपूर्व काळातल्या स्त्रीचे लेखन पुढच्या एखाद्या दशकातले ठरेल आणि निबंधाचा युक्तिवादच ढासळेल. म्हणून दोन्ही वर्षे हवीत. शैली कोणतीही असो, ती दोन वर्षे देण्याची सोय तिच्यात असते. पण दोन्ही वर्षे टिपलेली असतील तरच ती देता येतील, आणि ती शीर्षकपानामागच्या पानावर असतात, ज्याचा फोटो कोणीच काढत नाही. पहिला फोटो शीर्षकपानाचा, दुसरा त्याच्या मागच्या बाजूचा, मग हवी ती पाने, एवढी एक सवय लागली तरी निम्मे संकट टळते.

मराठीत काम करणाऱ्यापुढे असे प्रश्न पावलोपावली येतात आणि परदेशी नियमावल्यांत त्यांची उत्तरे मिळत नाहीत. जुन्या पुस्तकावर फक्त ‘शके १८४२’ असते. त्यात ७८ मिळवून १९२० लिहावे, तर ते शक वर्ष १९२१ च्या गुढीपाडव्यापर्यंत चालते. म्हणून ‘१९२०-२१’ लिहून शक तसाच शेजारी ठेवावा. दिवाळी अंकाचे काय करायचे? १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या या परंपरेत मराठीतले कितीतरी महत्त्वाचे लेखन दडले आहे. पण अनेक दिवाळी अंकांना वर्ष-अंक क्रमांक सापडत नाही, आणि तोच लेख पुढे पुस्तकात येतो तेव्हा त्यात फेरफार झालेले असतात. आपण कोणता पाठ वाचला तो सांगावा, न वाचलेल्या पाठाचा पत्ता देऊ नये. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांच्या नावांत जागोजागी अनुस्वार आहेत. ते शीर्षकात जसेच्या तसे ठेवावेत, नाहीतर ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तक सापडत नाही. शिवाय इंग्रजीत प्रबंध लिहिताना राजवाड्यांच्या नावातला ‘व’ एकदा ‘डब्ल्यू’ने आणि एकदा ‘व्ही’ने लिहिला, तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसे होतात. या सगळ्यात शं. ग. दाते यांनी केलेली १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची आजही हाताशी असावी अशी आहे. पण दाते सूची म्हणजे काय हेच पदवीच्या वर्गातल्या बहुतेकांना ठाऊक नसते.

गेल्या चाळीस वर्षांत या कामात यंत्रे आली. १९८५ मध्ये ओरेन पटाश्निक यांनी बिबटेक्स केले, ऐंशीच्याच दशकाच्या शेवटी एंडनोट आले, २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून झोटेरो आले. झोटेरो फुकट आहे. त्यानंतर दोन वर्षांनी मेंडेली आले, ते २०१३ पासून एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेकडे आहे. या सगळ्यांचे तत्त्व एकच: नोंद एकदा नीट भरायची, मग तीच नोंद हव्या त्या शैलीत छापून मिळते. झोटेरोसारख्या साधनांना उपलब्ध असलेल्या शैलींची संख्या दहा हजारांच्या वर आहे. संशोधन-लेखांना २००० पासून क्रॉसरेफ या संस्थेमार्फत कायमचा क्रमांक, म्हणजे डीओआय, मिळू लागला. दहाच्या आकड्याने सुरू होणारा हा क्रमांक टाकला की लेखाची सारी माहिती आपोआप नोंदीत उतरते.

इथेच गाफीलपणाही शिरतो. यंत्र जे मिळेल ते उतरवते. पीडीएफ टाकली तर कधी लेखकाच्या जागी स्कॅन करणाऱ्याचे नाव येते, कधी शीर्षकात फाइलचा क्रमांक. मराठी पुस्तकांचे तर बहुतेक हातानेच भरावे लागते. मराठी वर्णमालेत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी येतात, पण अकारविल्हे लावताना संगणक श्री. के. क्षीरसागरांना अनेकदा ‘क’च्या नावांत नेऊन बसवतो. दुरुस्ती माणसानेच करायची असते. मात्र काही बाबतींत यंत्र माणसाच्या पुढे आहे. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेला, लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. असा मागे घेतलेला निबंध तुमच्या संग्रहात असेल तर झोटेरो तशी सूचना देते. कपाटातल्या झेरॉक्स प्रतीला ते जमणार नाही.

हे पुस्तक आताच का? पहिले कारण अभ्यासक्रमाचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी आली आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची वाट खुली झाली. पूर्वी एम.ए. किंवा पीएच.डी.ला जे काम पहिल्यांदा समोर यायचे ते आता विशीतल्या मुलामुलींसमोर येते आहे. दुसरे कारण नियमांचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही, साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. नीट अवतरणचिन्हांत, श्रेय देऊन घेतलेला मजकूर या मोजणीत धरायचा नसतो. तरी विद्यार्थी शब्द बदलून टक्के उतरवण्याच्या मागे लागतात. त्यांच्यातल्या अनेकांची चोरी ही मुळात टिपणातली चूक असते: पुस्तकातले वाक्य अवतरणचिन्हांशिवाय वहीत उतरवले, महिन्याभराने ते आपलेच वाटले आणि तसेच प्रकल्पात गेले. उतरवलेले शब्द, आपल्या भाषेतला सारांश आणि आपले मत या तिन्ही गोष्टी टिपणात पहिल्यापासून वेगळ्या ठेवल्या, तर ही चूक होत नाही.

तिसरे कारण सर्वांत ताजे आहे. मागेल त्या विषयावर दहा संदर्भ क्षणात लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता प्रत्येक मोबाइलवर आहेत. त्यांनी दिलेल्या यादीत लेखक खरा, नियतकालिक खरे आणि लेख मात्र कुठेच नाही, असे होते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी अशाच साधनाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे आधार म्हणून दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला. ज्याने पुस्तक स्वतः हाताळून नोंद केली त्याला या फसवणुकीची भीती नाही. ज्याच्या सूचीचा आणि वाचनाचा संबंध आधीच तुटलेला आहे, त्याला यंत्राने रचलेली यादी आणि मित्राच्या प्रकल्पातून उचललेली यादी यांत फरक तरी का वाटावा?

म्हणून या पुस्तकाची रचना विद्यार्थ्याच्या कामाच्या ओघाने केली आहे. साधन शोधणे, ते पारखणे, टिपणे, साठवणे, वापरणे आणि शेवटी मांडणे असा तो ओघ आहे. शैलींचे नियम त्यात येतात, पण उशिरा आणि थोडक्यात. नियमावल्यांच्या आवृत्त्या बदलत राहतात, त्यांची नक्कल करण्यात हशील नाही. उदाहरणे शक्यतो मराठी साधनांतून घेतली आहेत: दिवाळी अंक, गॅझेटिअर, पुराभिलेखागारातले रुमाल, शोधगंगेवरचे प्रबंध, गावात जाऊन घेतलेली मुलाखत. संगणक नसलेल्या विद्यार्थ्यालाही हे पुस्तक वापरता यावे, म्हणून प्रत्येक पद्धत आधी कागदावर आणि मग झोटेरोवर दाखवली आहे. वैद्यक आणि कायदा या शाखांचे स्वतःचे काटेकोर दंडक आहेत, त्यांच्या तपशिलात हे पुस्तक शिरत नाही.

एक विनंती शिक्षकांना आहे. प्रकल्पाचे गुण सर्वस्वी शेवटच्या छापील प्रतीवर अवलंबून असतील, तर विद्यार्थी शेवटच्या प्रतीचीच काळजी करणार. सत्राच्या मध्यावर एकदा त्याची टिपणे मागवावीत. त्यातले कोणतेही एक उचलून ‘हे मला मूळ पुस्तकात दाखव’ म्हणावे आणि त्याने पाच मिनिटांत पान काढून दाखवले तर त्याचे गुण वेगळे द्यावेत. त्यासाठी शंभरातले दहा गुण राखून ठेवले तरी पुरे. संदर्भसूचीची पाने मग आपोआप कमी होतील, आणि जी उरतील ती वाचलेल्या पुस्तकांची असतील.